दोन तोंडांच्या झारीची जाहिरात

३ मार्च

कारखान्यातून झाऱ्या आल्या. दोनशे चाळीस. प्रत्येकीला दोन तोंडं.

मी एका तोंडाची झारी मागवली होती. बागेच्या सामानाचं दुकान मी एकवीस वर्षं चालवतोय, दोन तोंडांची झारी आजवर पाहिलेली नाही. झालं असं की पत्रेवाल्याला नमुन्याचं चित्र पाठवताना मी आधी तोंड डावीकडे काढलं. मग ते उजवीकडे बरं दिसेल असं वाटलं, म्हणून उजवीकडे काढलं. डावीकडचं खोडलं होतं, पण हलक्या हातानं.

पत्रेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, मला वाटलं तुम्हाला काहीतरी नवीन काढायचंय. माझी माणसं हसत होती, मीच त्यांना दटावलं. म्हटलं, गिऱ्हाईक शिकलेलं आहे."

परत घ्यायला तयार नाही. चित्र त्याच्याकडे आहे आणि खाली माझी सही आहे.

दुकानामागच्या अंगणात एक भरून चालून पाहिलं. झारी पुढे कलती केली की पुढच्या तोंडातून कुंडीत पाणी पडतं, छान पडतं. पण सरळ करताना पाणी हिसका खाऊन मागे जातं आणि मागच्या तोंडातून आपल्या विजारीवर येतं. पाच कुंड्या झाल्या तेव्हा मीही झालो होतो.

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. फक्त बायकोला सांगितलं. तिनं फक्त तिच्या भावाला सांगितलं.

४ मार्च

मेहुण्याबद्दल थोडं लिहायला हवं. हा हिचा धाकटा भाऊ. गेले चार महिने आमच्या सोफ्यावर राहतो. 'घरात राहतो' असं मी मुद्दाम लिहिलेलं नाही. जेवण, वाचन, विचार, सगळं सोफ्यावरच. त्याआधी तो जाहिराती लिहायचा. एका गादीवाल्यासाठी त्यानं ओळ लिहिली होती, 'आता उठायचं कशाला?' ओळ लोकांना इतकी आवडली की कुणी गादी घ्यायला उठलंच नाही, असं त्याच्या मालकाचं म्हणणं. मेहुण्याचं म्हणणं की मालकाला ओळ कळलीच नाही. नोकरी गेली, हे दोघांनाही मान्य आहे.

आज नाश्त्याला म्हणाला, "भावोजी, दोनशे चाळीस झाऱ्या ना? महिनाभरात संपवतो. मला फक्त एक जाहिरात करू द्या."

मी त्याला माझं मत स्पष्ट सांगितलं. जाहिरात वाचून कुणी काही विकत घेत नाही. माणसाला गरज असते, तो विचार करतो, मग घेतो. जाहिराती म्हणजे जाहिराती लिहिणाऱ्यांची पोटं भरायची सोय. "माझंच बघ," मी म्हटलं, "आजवर एक गोष्ट मी जाहिरातीला भुलून घेतलेली नाही."

हिला ठसका लागला. बराच वेळ लागला होता.

(नवीन दंतमंजन आणलं. जुनं अर्धं शिल्लक आहे, पण दातांना आतून आत्मविश्वास लागतो. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी या गोष्टी आपोआप कळायला लागतात.)

५ मार्च

पैज लागली.

अट मी घातली. महिनाअखेरपर्यंत एका तरी गिऱ्हाइकानं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं, की मी जाहिरात वाचून झारी घेतली. एकानं जरी म्हटलं तरी मेहुण्याला दुकानात टेबलखुर्ची देईन आणि तो म्हणेल तशा जाहिराती करू देईन. कुणीच म्हटलं नाही तर त्यानं आमचा सोफा सोडायचा.

"आणि झाऱ्या खपल्या तर?" ही म्हणाली.

"खपण्याचा प्रश्न नाही. का खपल्या हा प्रश्न आहे."

मेहुणा म्हणाला, "मंजूर." इतक्या पटकन म्हणाला की मला जरा वाईट वाटलं. बिचारा अजून लहान आहे. अडतीस.

प्रत्येक गिऱ्हाइकाला कारण विचारून लिहून ठेवायला एक वही केली. शास्त्रशुद्ध व्हायला हवं.

८ मार्च

दुकानासमोर बसथांबा आहे आणि थांब्यामागे शिंप्याच्या दुकानाची लांबलचक भिंत. माझ्या दारातून ती सबंध दिसते. मेहुण्यानं शिंप्याशी बोलून ती मिळवली आणि रंगाऱ्याला बोलावलं. दिवसभरात जाहिरात तयार.

भिंतीवर दोन कुंड्या आहेत. एका कुंडीतलं झाड टवटवीत, त्याच्यावर पाणी पडतंय. दुसरं झाड मान वाकडी करून त्याच्याकडे बघतंय. रंगाऱ्यानं त्या पानांत काय केलंय कोण जाणे, पण बघवत नाही. वर लिहिलंय:

'एकाला पाणी. मग दुसऱ्यानं काय नुसतं बघत बसायचं?'

खाली आमची झारी आणि माझ्या दाराकडे बाण.

मी म्हटलं, "पत्रा जाड आहे, ते लिहिलं नाहीस. सांधे पक्के आहेत, ते लिहिलं नाहीस. हिरव्या रंगातही मिळते, ते लिहिलं नाहीस."

"ते सगळं खरं आहे, भावोजी."

"मग?"

"म्हणून कुणी वाचणार नाही."

याला नोकरीवरून का काढलं ते मला हळूहळू कळायला लागलंय.

१२ मार्च

चार दिवसांत एकही झारी गेली नाही. मला फार आनंद झाला. मग आठवलं की झाऱ्या माझ्या आहेत.

लोक थांब्यावर उभे राहतात, भिंतीकडे बघतात, बस येते, जातात. मेहुणा सोफ्यावरून म्हणाला, "मुरू द्या." लोणचं घातल्यासारखा बोलतो.

१३ मार्च

पहिली झारी गेली. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, पलीकडच्या गल्लीत राहतात, रोज थांब्यावर दिसतात. सरळ आत आल्या आणि झारीकडे बोट केलं.

मी वही उघडली. "बाई, आपण जाहिरात वाचून आलात का?"

"कसली जाहिरात?"

"समोरची. भिंतीवरची."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की माझे हात आपोआप मागे गेले. "मी जाहिराती वाचत नाही. पस्तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं."

"मग झारी का घेताय?"

"माझ्या गॅलरीत दोन तुळशी आहेत. सकाळी एकीला पाणी घालते तेव्हा दुसरी बघत असते. किती दिवस मला ते सलतंय."

वहीत लिहिलं: 'स्वयंप्रेरणा. वनस्पतींविषयी जिव्हाळा. जाहिरातीचा संबंध नाही.'

१७ मार्च

पाच दिवसांत एकतीस झाऱ्या. वही भरतेय. काही नोंदी इथे उतरवतो, कारण त्या निर्णायक आहेत.

दातांचे डॉक्टर: जाहिरात पाहिलेली नाही. दवाखान्यात दोन रोपटी आहेत. "एक पेशंट आत आणि एक बाहेर ताटकळत, असं मला चालत नाही. झाडांनाही नाही चालत."

जुळ्या मुलींची आई: जाहिराती आवडत नाहीत. "घरात दोघींत तिसरी भानगड नको. एकीला दिलं की दुसरी बघत बसते, मला अनुभव आहे." तिच्याकडे झाडं आहेत का ते विचारायचं राहिलं.

बसचालक: बस थांब्यावर उभी करून उतरला, प्रवासी खिडकीतून बघत होते. "झाडं नाहीत हो. पण समजा उद्या दोन झाली, तर?" कारण लिहिलं: 'दूरदृष्टी.'

शिंपी: भिंत त्याची स्वतःची. तरी म्हणाला, "जाहिरातीचं काय एवढं? माझ्याच मनात आलं. मन आहे, येतं."

म्हणजे लोक आपल्या डोक्यानं विचार करतात. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि प्रत्येकाचं स्वतःचं. मला आपल्या लोकांचा अभिमान वाटला. हे सगळं मी जेवताना वाचून दाखवलं. मेहुणा मधेच उठून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. पराभव पचवणं सोपं नसतं.

१९ मार्च

पाठीला बांधायचा पट्टा घेतला. ताठ माणसाला जग वाट करून देतं.

ही म्हणाली, "हे कुठे पाहिलंत?"

"पाहायचं कशाला? गरज होती."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

दुकानात दिवसभर बांधून बसलो. वाकता येत नाही. खालच्या फळीवरच्या झाऱ्या गिऱ्हाइकांना आपल्या हातानं घ्याव्या लागल्या. मुख्याध्यापिका पुन्हा आल्या होत्या, बहिणीसाठी घ्यायला. त्यांनाही उचलून घ्यावी लागली. जग वाट करून देत होतं, पण मला उठताच येत नव्हतं.

२२ मार्च

आज एक गृहस्थ ओलेत्या विजारीनं दुकानात आले. मी मनाची तयारी केली. म्हटलं, आता ओरडणार.

ते म्हणाले, "आणखी एक द्या. भावाला पाठवायची आहे."

"पण पाय भिजतात ना?"

"उन्हाळ्याचे बरे वाटतात," ते म्हणाले आणि पायांकडे कौतुकानं बघत राहिले.

२६ मार्च

शेवटची झारी दुपारी गेली. दोनशे चाळीस झाऱ्या, दोनशे अकरा गिऱ्हाइकं, कारण सगळ्यांनी सांगितलं. 'जाहिरात वाचून' म्हणणारं एकही नाही. एकशे अठ्ठ्याण्णव जणांनी तर जाहिरात पाहिलीच नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांतले बहुतेक रोज तिच्यासमोर बसची वाट बघतात.

संध्याकाळी वही टेबलावर ठेवली. म्हटलं, "बघ."

मेहुण्यानं एकेक पान वाचलं. वाचता वाचता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

तो म्हणाला, "भावोजी, ही वही मला द्याल? आयुष्यभर जपून ठेवीन."

वही देता आली नाही. पुरावा आहे.

ही म्हणाली, "जिंकलात." एवढंच. मग ताटं जोरात ठेवली.

२८ मार्च

मेहुणा गेला. बाजारामागच्या एका लाँड्रीच्या वरची खोली भाड्यानं घेतली. जाताना सोफ्यावरची चादर घडी घालून ठेवली, ती त्यानं चार महिन्यांत पहिल्यांदाच घडी घातली असावी, कारण चौकोनी झाली नव्हती.

त्याच्या ताईनं त्याला डबा दिला. मला म्हणाली, "सोफा मोकळा झाला, बसा आता."

बसलो. मधे खड्डा पडलाय, त्यात माणूस घरंगळतो. घरात कुणी बोलत नाही. दंतमंजनाचा आत्मविश्वासही तेवढ्यापुरताच टिकतो.

२ एप्रिल

दोन तोंडांच्या झारीला लोकांत नैसर्गिक मागणी आहे, हे आता सिद्ध झालंय. चारशे मागवल्या.

पत्रेवाला म्हणाला, "साहेब, ह्या वेळी तीन तोंडं करायची का?" उत्साही माणूस आहे.

जाहिरातीची गरज नसल्याचंही सिद्ध झालंय, म्हणून भिंत पांढरी करून घेतली. शिंपी नाराज आहे. म्हणतो, थांब्यावरचे लोक आता भिंतीऐवजी खिडकीतून त्याच्याकडे बघतात आणि त्याची टीप वाकडी जाते.

२० एप्रिल

झाऱ्या येऊन आठवडा झाला. दोन गेल्या. एक मी हिच्या मावशीला दिली, तीही धरली आहे.

ऊन फार आहे, त्यामुळे असेल.

२२ एप्रिल

आज ढगाळ होतं. त्यामुळेही असेल.

मुख्याध्यापिका थांब्यावर होत्या. मी मुद्दाम एक झारी हातात घेऊन दारात उभा राहिलो. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

२४ एप्रिल

लोकांना झाऱ्या आल्याचं कळलं नसावं. जाहिरात करण्याचा प्रश्नच नाही, पण माहिती देणं वेगळं. दुकानाच्या दाराशी स्वतःच्या हातानं फळा लिहून ठेवला:

'सूचना. येथे दोन तोंडांची झारी मिळेल. सदर झारी पत्र्याची असून गळत नाही.'

साधं, खरं, शब्दांचा खेळ नाही. मेहुण्यानं शिकावं असं.

२५ एप्रिल

दातांचे डॉक्टर फळ्यासमोर थांबले. "गळत नाही म्हणजे? पूर्वी गळत होती का?"

"नाही हो."

"मग लिहिलंय कशाला?"

तासाभरात ते स्वतःची झारी घेऊन परत आले. म्हणाले, "गळते की काय असं वाटतंय." अंगणात भरून ठेवली, दोघांनी अर्धा तास तिच्याकडे बघितलं. एक थेंब पडला नाही. "तरी पण," ते म्हणाले आणि झारी ठेवून गेले.

२६ एप्रिल

फळा सुधारला: 'सदर झारी गळत नाही. पूर्वीही गळत नव्हती.'

आज अकरा जण झाऱ्या परत घेऊन आले. जुळ्या मुलींची आई दोन्ही मुलींना घेऊन आली होती. त्या दुकानभर "गळते, गळते" म्हणत नाचत होत्या. शिंपी म्हणाला, "मी काही तुमचा फळा वाचून आलो नाही. माझ्याच मनात शंका आली."

सगळ्यांच्या मनात आपोआप, एकाच दिवशी शंका आली. लोकांचं काही कळत नाही.

२८ एप्रिल

फळा काढला. झाऱ्या आता चारशेला भारी झाल्या आहेत. मागवल्यापेक्षा जास्त शिल्लक असलेलं हे माझ्या दुकानातलं पहिलं सामान. खत आणि बियांची पोती बाहेर ठेवावी लागतात. काल एक गाय अर्धं पोतं वाटाण्याचं बी खाऊन गेली. दुकानात आडवं होऊन शिरावं लागतं. पट्टा बांधून तर शिरताच येत नाही, म्हणून तो माळ्यावर टाकला.

ही डबा द्यायला आली, दोन रांगांमध्ये अडकली आणि तिथूनच बोलली. "त्याला बोलवा."

"कुणाला?"

"तुम्हाला माहीत आहे कुणाला."

"बोलावलं तर त्याचा अर्थ काय होईल, कळतंय का तुला?"

"तुम्हाला झाऱ्या खपायला हव्यात, की तुमचं खरं व्हायला हवं?"

मी विचार केला. प्रामाणिकपणे सांगितलं, "दोन्ही."

"मग बसा," ती म्हणाली, "पुढूनही आणि मागूनही भिजत." डबा एका झारीवर ठेवला आणि पुढचं जे बोलली ते मात्र शांतपणे बोलली. "माझा भाऊ महिनाभर एकटा जेवतोय. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

निघताना तिला मी हात धरून बाहेर काढलं. त्या दिवशी जेवण नीट गेलं नाही.

३० एप्रिल

दुकान दुपारीच बंद केलं. लाँड्रीपर्यंत चालत गेलो. दोनदा परत फिरलो होतो.

लाँड्रीच्या दारात पाटी होती: 'डाग इथे ठेवून जा.' अक्षर ओळखीचं. आत चांगलीच गर्दी होती.

वरची खोली एवढीशी. सोफा नाही. मेहुणा खुर्चीवर ताठ बसला होता. मला पाहून उठला, खुर्ची मला दिली आणि स्वतः इस्त्रीच्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसला. वाळलेला वाटला. की त्याला आडवाच पाहायची सवय होती म्हणून वाटलं असेल.

"ताई कशी आहे?"

"बरी आहे. तू जेवतोस का वेळेवर?"

"जेवतो की. तुम्ही एवढं विचारायला आलात?"

मी काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. 'केवळ कौटुंबिक कारणांसाठी' अशी सुरुवात होती. ती आठवेना. मग जे तोंडात आलं ते बोललो.

"चूक झाली रे. चारशे झाऱ्या मागवून बसलोय. उभं राहायला जागा नाही दुकानात. बायको अडकते. गाय बी खाऊन जाते. एकेक कुणीतरी घेऊन जा, हात जोडतो, म्हणजे मला माझ्या खुर्चीत तरी बसता येईल."

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. त्यानं खिशातून पेन काढलं.

"पुन्हा बोला."

"काय?"

"आत्ता बोललात ते. जसंच्या तसं. शब्द बदलू नका."

"चेष्टा करतोयस का?"

"भावोजी, चौदा वर्षं मी जाहिराती लिहितोय," तो म्हणाला. "'बायको अडकते' हे मला सुचलं नसतं."

२ मे

भिंत पुन्हा रंगली. चित्र नाही, नुसती अक्षरं. थांब्यावरून वाचता येतील एवढी मोठी:

'चूक झाली. चारशे झाऱ्या मागवल्या. दुकानात उभं राहायला जागा नाही. बायको अडकते. एकेक घेऊन जा, हात जोडतो.'

खाली बाण. गळतीबद्दल एक अक्षर नाही. मी म्हटलं, लिहूया का? मेहुण्यानं रंगाऱ्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

ही जाहिरात नाही, हे इथे नमूद करतो. ही वस्तुस्थिती आहे.

आज मेहुणा जेवायला आला होता. तिघंही बोललो. त्याच्या ताईनं त्याला दोनदा वाढलं आणि मला एकदा.

३ मे

सकाळी दुकान उघडायला गेलो तर दारात माणसं. वही बाहेर काढली, पण गर्दीत लिहायला हात हलेना.

दातांचे डॉक्टर आपली सोडून गेलेली झारी परत न्यायला आले, वर आणखी एक घेतली. मी म्हटलं, "गळतीचं काय?" तर म्हणाले, "अहो, तुमची ही अवस्था आणि आम्ही गळतीचं काय घेऊन बसायचं?" बसचालकानं चार उचलल्या. प्रवासी या वेळी खिडकीतून बघत बसले नाहीत, उतरून आले. बस वीस मिनिटं उभी होती.

जुळ्या मुलींनी मला विचारलं, "कुठे अडकतात काकू?" मी जागा दाखवली. मग जो येईल तो ती जागा बघायला लागला. शिंपी तर मापाची फीत घेऊन आला.

मुख्याध्यापिकांनी तिसरी झारी घेतली. म्हणाल्या, "चूक कबूल करणाऱ्याला मी कधी शिक्षा केली नाही."

मी विचारलं, "बाई, म्हणजे भिंत वाचून...?"

"मी भिंती वाचत नाही," त्या म्हणाल्या. "मला कळलं."

६ मे

दुकानात पुन्हा दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहू शकतात. रिकाम्या कोपऱ्यात टेबलखुर्ची टाकली. मेहुणा आला, खुर्चीत बसून पाहिलं आणि म्हणाला, "पाठीला जरा कडक आहे." मी म्हटलं, तसंच राहू दे. पगार ठरला. राहायला मात्र तो लाँड्रीच्या वरच राहणार आहे. त्याला तिथे कपड्यांचा गरम वास आवडतो म्हणे. ही म्हणते तिथे इस्त्री करणारी एक मुलगी आहे. मला दोन गोष्टींचा संबंध लागला नाही.

८ मे

आज दुपारी ही दुकानात आली. डबा नव्हता हातात. फळीपाशी गेली, हिरवी झारी निवडली आणि माझ्यासमोर ठेवली.

"घरात आहे की आपली," मी म्हटलं.

"असू दे. ही मला हवी आहे."

"का?"

"आज बसथांब्यावर उभी होते. तुम्ही लिहिलेलं वाचलं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "रोज बघते, पण आज सबंध वाचलं. हात जोडतो, म्हणून. वाचून वाईट वाटलं. म्हटलं, एक आपण घ्यावी."

मी झारी पुसली. पुन्हा पुसली. कागदात गुंडाळायला गेलो तर दोन तोंडांमुळे नीट गुंडाळली जाईना, तरी गुंडाळली, दोरी बांधली, वर फासाची गाठ मारली. गिऱ्हाइकाला मी दोरी बांधून देत नाही.

ती गेल्यावर मेहुण्याच्या टेबलापाशी गेलो. सांगावं की नाही कळत नव्हतं. शेवटी सांगितलं. "एक गिऱ्हाईक आलं होतं. जाहिरात वाचून घेतली म्हणालं. स्वतःच्या तोंडानं."

त्यानं मान वर केली. मी तयार होतो, काय बोलायचं ते बोल म्हटलं मनात.

"कुठली ओळ वाचून?"

"'हात जोडतो'."

त्यानं पेनचं टोपण काढलं. मग कागद पुढे ओढला आणि काहीतरी खोडायला लागला. "ती मी काढणार होतो," तो पुटपुटला. "मला वाटलं, जास्त होतंय."

त्याला माझा हेवा वाटला. स्पष्ट दिसत होतं.

११ मे

बादल्या बऱ्याच दिवसांपासून पडून आहेत. सकाळी दात घासताना त्यांच्यासाठी एक ओळ सुचली:

'बादली. रिकामी असली, तरी तुमचीच.'

मेहुणा म्हणतो, 'तरी' काढा. मी म्हटलं, 'तरी' गेला की ओळीतला जीव गेला. त्याचा आवाज चढला, माझाही चढला. एक बाई कुंडी घ्यायला आल्या होत्या, त्यांना आम्ही दोन्ही ओळी वाचून दाखवल्या आणि विचारलं, कुठली बरी वाटते. त्या म्हणाल्या, त्यांना ओळींतलं काही कळत नाही आणि असल्या गोष्टींचा त्यांच्यावर परिणामही होत नाही.

जाताना बादली घेऊन गेल्या. 'तरी' ठेवायचा हे माझ्यापुरतं ठरलं आहे.